क्रम, कर्ता आणि साधन

(मठाच्या वर्धापन-महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)

उत्सवाच्या व्यासपीठावरून वेदान्तातील एखादा सिद्धान्त किंवा गुरुपरंपरेतील एखादे चरित्र ऐकावयास मिळेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु विश्वस्तमंडळाने मला नेमून दिलेला विषय निराळा आहे. मठाने हाती घेतलेली कामे कोणत्या पद्धतीने चालवावी आणि त्यांसाठी संगणकावरील कोणते सॉफ्टवेअर स्वीकारावे, याविषयी पाठशाळेच्या वतीने काही विचार मांडावे, अशी मला आज्ञा झाली आहे. व्याकरण आणि मीमांसा शिकविणाऱ्या माणसास हा विषय परका वाटेल, असे प्रथम मलाही वाटले होते. विचार करू लागल्यावर मात्र असे दिसून आले की, कर्म कोणते, ते कोणी करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, हा तर मीमांसाशास्त्राचा मूळचाच प्रश्न आहे.

मठापुढे आज चार कामे आहेत. पहिले, बारा महिने चालणारे अन्नदान. दुसरे, प्रतिवर्षीचा उत्सव. तिसरे, पाठशाळेच्या मुलांसाठी बांधावयाचे छात्रालय. आणि चौथे, मठाच्या कोठीत पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या पोथ्या व जुने दफ्तर यांची नोंद करून त्यांची छायाचित्रे घेणे. या चारही कामांस द्रव्य देणारा माणूस प्रायः कापूस विकून आलेल्या पैशातून देतो. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षीही तो देतो. तेव्हा काम लांबले, साहित्य वाया गेले किंवा एकच वस्तू दोनदा खरेदी झाली, तर ती केवळ हिशेबातील चूक राहत नाही. विश्वासाच्या ठेवीस लागलेली ती गळती असते. म्हणून हा विषय लहान समजू नये.

या बाबतीत आपल्यामध्ये दोन मते आहेत. हैदराबाद आणि पुणे येथे संगणकाच्या व्यवसायात असलेले आपले तरुण गुरुबंधू म्हणतात की, मोठमोठ्या कंपन्या जे सॉफ्टवेअर वापरतात, तेच एक घ्यावे आणि सर्व कामे त्यात आणावी. आपली वडीलधारी मंडळी म्हणतात की, इतकी वर्षे चोपडीवर आणि तोंडी निरोपावर उत्सव निर्विघ्न पार पडले, मग हे नवे ओझे कशाला? या दोन्ही मतांत तथ्य आहे, आणि दोहोंत एक समान उणीवही आहे. दोघेही साधनाविषयी बोलत आहेत. कामाचे स्वरूप काय, हा प्रश्न त्यापूर्वी विचारावयास हवा. काम ओळखावे, मग पद्धत ठरवावी आणि साधन सर्वांत शेवटी निवडावे, एवढेच माझे प्रतिपादन आहे.

शास्त्रकारांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे विभाग केले आहेत. हा विभाग आपल्या व्यवहारालाही उत्तम लागू पडतो. अन्नदान हे नित्यकर्म. त्यास आरंभ आणि शेवट नाही. उद्याही तेच करावयाचे आहे. अशा कामाला प्रकल्प म्हणणे चुकीचे होय. तेथे हवी ती पाळी, कोठीची मोजणी आणि तांदूळ किती उरला म्हणजे नवा आणावयाचा याची ठरलेली खूण. भिंतीवरची एक पाळीपत्रिका आणि कोठीची चोपडी एवढ्यावर हे काम चालते, आणि उत्तम चालते. त्यासाठी सॉफ्टवेअर घेणे म्हणजे समईची वात पुढे सारण्यास यंत्र आणण्यासारखे आहे.

उत्सव हे नैमित्तिक कर्म. ते वर्षातून एकदा येते, आणि जवळजवळ तसेच पुन्हा येते. येथे सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे मागील वर्षाची स्मृती. मांडव केव्हा सांगितला, पत्रावळी किती लागल्या, पाण्याचे टँकर किती आले, कोणत्या दिवशी गर्दी अनपेक्षित वाढली, हे उत्सव संपल्यावर आठ दिवसांच्या आत लिहून ठेवले, तर पुढील वर्षाची अर्धी योजना तयार झाली असे समजावे. मग ही यादी कागदावर ठेवावी की संगणकावरील तक्त्यात, हा गौण प्रश्न आहे. ती लिहिली जाते की नाही, हा मुख्य प्रश्न होय.

छात्रालय आणि पोथ्यांची नोंद ही दोन कामे मात्र काम्य कर्मांच्या जातीची आहेत. संकल्प करून ती आरंभावयाची आणि फल प्राप्त झाले म्हणजे संपवावयाची. खरे प्रकल्प हे दोनच. परंतु या दोहोंतही महत्त्वाचा भेद आहे. छात्रालयाची वाट पूर्वी अनेकांनी चाललेली आहे. पोथ्यांच्या कामाची वाट चालू लागल्यावरच दिसणार आहे. म्हणून दोघांना एक पद्धत लागू होणार नाही.

प्रथम छात्रालयाचा विचार करू. जैमिनींच्या मीमांसासूत्रांचा पाचवा अध्याय क्रमाच्या विचारासाठी आहे. कोणते कर्म आधी आणि कोणते नंतर, हे ठरविणारी श्रुति, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ति अशी सहा प्रमाणे मीमांसक मानतात. त्यांतील अर्थक्रमाचे उदाहरण पाठशाळेच्या मुलांनाही ठाऊक असते. अग्निहोत्राचे वचन आधी आले आणि यवागू शिजविण्याचे नंतर आले, तरी यवागू आधी शिजवावयाची. कारण ती होमासाठीच आहे. वाक्ये कोणत्या अनुक्रमाने लिहिली आहेत, यापेक्षा कोणते काम कोणत्या कामाच्या उपयोगाचे आहे, हे तेथे प्रबळ ठरते.

पाश्चात्त्य अभियंत्यांनी हाच विचार आकृतीत मांडला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याचा आडव्या पट्ट्यांचा तक्ता प्रचारात आला; कोणते काम केव्हा सुरू व्हावे आणि केव्हा संपावे, हे त्यात एका दृष्टिक्षेपात कळते. पुढे १९५७ च्या सुमारास ड्यू पाँ या रसायनांच्या कंपनीत क्रिटिकल पाथ ही पद्धत तयार झाली आणि १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट ही पद्धत निघाली. या पद्धतींचे सार असे की, परस्परांवर अवलंबून असलेल्या कामांची जी सर्वांत लांब साखळी असते, तीच संपूर्ण प्रकल्पाचा काळ ठरविते. त्या साखळीतील एक दिवसाचा उशीर हा संपूर्ण कामाचा एक दिवसाचा उशीर होय. साखळीबाहेरच्या कामांस मात्र थोडी सवड असते.

हे उदाहरणाने सांगतो. पाया घेण्यास २० दिवस, खांब व भिंती यांस ४०, छताची बांधणी व ओतकाम यांस १५, छताला पाणी मारून खालचे आधार काढण्यास आणखी १५ आणि त्यानंतर गिलाव्यास २० दिवस लागतील, असे धरू. ही साखळी ११० दिवसांची झाली. खिडक्या आणि दारे करण्यास सुताराला ३० दिवस लागतात व ती गिलाव्यापूर्वी, म्हणजे नव्वदाव्या दिवशी, हवी आहेत. म्हणजे सुताराच्या कामास ६० दिवसांची सवड आहे. आता आपल्या भागातील मुख्य गोष्ट लक्षात घ्यावी. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग लागतो. ७ जूनपूर्वी छत पक्के व्हावयाचे असेल, तर त्याच्या ९० दिवस आधी, म्हणजे ९ मार्चला, पायाची पहिली कुदळ पडली पाहिजे. तो दिवस चुकला की पावसाळा, आणि पावसाळ्यामागोमाग कापसाची वेचणी. तेव्हा शेतातून मजूर मिळणे कठीण. तीस दिवसांचा आळस अशा रीतीने एका वर्षाचा विलंब होऊन बसतो, आणि मुलांना आणखी एक हिवाळा सभामंडपात निजावे लागते.

सुताराने पाच दिवस उशीर केला म्हणून सभा बोलावून आपण संतापतो, आणि नकाशाच्या मंजुरीचा कागद दोन आठवडे पडून राहिला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, हा प्रकार सर्व संस्थांत आढळतो. क्रमाचा तक्ता डोळ्यांपुढे असला म्हणजे चिंता कोठे करावयाची आणि कोठे करावयाची नाही, हे समजते. छात्रालयासाठी म्हणून ही पद्धत स्वीकारावी, असे माझे मत आहे. आधी संपूर्ण योजना, मग अंमल. आणि मध्यंतरी फेरफार शक्य तितके कमी.

आता पोथ्यांकडे वळू. येथे किती पोथ्या आहेत हे ठाऊक नाही. किती जीर्ण आहेत हे ठाऊक नाही. दफ्तरात मोडी किती, उर्दू किती आणि तेलुगु किती, हेही उघडल्यावाचून कळणार नाही. असे असता ११० दिवसांचा तक्ता आखणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. अशा कामाचा मार्ग आपल्याला महाराष्ट्रातीलच एका थोर उदाहरणातून शिकता येतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. १,२५९ हस्तलिखिते आणि एकोणीस ग्रंथ असा त्याचा विस्तार आहे. संपादकांनी प्रथमच संपूर्ण महाभारताला हात घातला नाही. नारायण बापूजी उटगीकर यांनी सिद्ध केलेली विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती १९२३ मध्ये काढून ती विद्वानांच्या मतासाठी पाठविण्यात आली. त्या अनुभवाने पद्धत सुधारली. १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले, १९२७ मध्ये आदिपर्वाचा पहिला भाग निघाला आणि १९३३ मध्ये आदिपर्व पुरे झाले. पाठ ताडून पाहण्यासाठी चौकटी आखलेले मोठे कागद वापरीत. वरच्या ओळीत श्लोकाची अक्षरे सुटी सुटी लिहावयाची आणि खाली प्रत्येक हस्तलिखितातील भेद त्या त्या अक्षराखालच्या चौकटीत भरावयाचा. तंजावर आणि शांतिनिकेतन येथेही पाठमेळणीचे काम चाले. संगणक नव्हता, परंतु चौकटीत काय भरावयाचे याविषयी दूर बसलेल्या माणसांचेही एकमत होते. सुखटणकर १९४३ मध्ये निवर्तले. त्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ती धुरा वाहिली. माणसे बदलली, तरी काम खंडित झाले नाही. कारण पद्धत एका माणसाच्या मस्तकात नव्हती, ती कागदावर होती.

दुसरे उदाहरण डेक्कन महाविद्यालयातील संस्कृत महाकोशाचे. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये ते आरंभिले. शब्दांच्या नोंदींची सुमारे एक कोटी टिपणे हातांनी लिहून कपाटांत रचली गेली, आणि पहिला ग्रंथ १९७६ मध्ये निघाला. त्या कामाला संगणकाची जोड मिळाली ती पुष्कळ नंतर. टिपण कसे असावे, हे आधीच नक्की झालेले होते म्हणूनच ती जोड देता आली. पद्धत आधी आणि यंत्र नंतर, या क्रमाची याहून बोलकी साक्ष कोणती असणार?

पोथ्यांच्या बाबतीत मीमांसेतील आणखी एक विचार उपयोगी पडतो. अनेकांवर अनेक संस्कार करावयाचे असता दोन रीती संभवतात. पहिला संस्कार सर्वांवर, मग दुसरा सर्वांवर, ही पदार्थानुसमयाची रीत. एकावर सर्व संस्कार पुरे करून मग दुसऱ्याकडे वळावयाचे, ही काण्डानुसमयाची रीत. वाजपेयातील सतरा प्राजापत्य पशूंच्या प्रसंगी मीमांसक पहिल्या रीतीचा पुरस्कार करतात, आणि श्राद्धप्रयोगातही या दोन रीतींची चर्चा आपण वाचतो. पोथ्यांच्या कामात पदार्थानुसमय म्हणजे सर्व पोथ्या आधी झाडून घ्यावयाच्या, मग सर्वांना क्रमांक द्यावयाचे, मग सर्वांची छायाचित्रे घ्यावयाची. काण्डानुसमय म्हणजे एक पोथी झाडून, पाने मोजून, नोंदवून, छायाचित्रे घेऊन आणि पुन्हा बस्त्यात बांधून ठेवल्यावरच दुसरी उघडावयाची.

माझी सूचना अशी की, पहिल्या पंचवीस पोथ्या काण्डानुसमयाने कराव्या. त्यामुळे एका पोथीस वेळ किती लागतो, कोठे अडते, नोंदीच्या कागदावर कोणता रकाना कमी पडतो, हे पहिल्या पंधरवड्यातच कळेल. आपली विराटपर्वाची आवृत्ती ती हीच. पद्धत स्थिर झाल्यावर, छायाचित्रणाचे यंत्र भाड्याने आणलेले असेल त्या दिवसांत, पदार्थानुसमय सोयीचा होईल. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात सतरा संगणकतज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी अजाइल नावाने प्रसिद्ध झालेला जाहीरनामा काढला. लहान परंतु पूर्ण झालेले काम वरचेवर हाती द्यावे आणि अनुभवाप्रमाणे पुढील योजना बदलावी, हा त्यातील एक प्रमुख आशय. आपले तरुण बंधू ज्या स्क्रमचे वर्णन करतात, तीही याच कुळातील. जेथे वाट अज्ञात आहे तेथे ही रीत योग्य. पाया खणून झाल्यावर खोल्यांची संख्या बदलण्यासाठी मात्र तिचा आधार घेऊ नये.

जपानातील टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी रूढ केलेल्या कानबान पद्धतीतूनही एक नियम घेण्याजोगा आहे. कानबान म्हणजे फलक किंवा पाटी. तीन रकान्यांची पाटी करावी : करावयाचे, चालू आणि पूर्ण. चालू या रकान्यात एका वेळी पाचांहून अधिक पोथ्या येऊ द्यावयाच्या नाहीत. पोथी बस्त्यातून सुटली आणि अर्धवट राहिली, म्हणजे तिची पाने दुसऱ्या पोथीत मिसळण्याचे भय असते. पाच पोथ्यांची मर्यादा हे त्या भयावरचे औषध होय.

येथवर क्रमाविषयी बोललो; आता कर्त्याविषयी. कोणतेही काम कोणाचे, हे एका नावाने ठरले पाहिजे. ‘आपण सर्व मिळून पाहू’ हे वाक्य प्रेमाचे आहे, परंतु त्याने मांडवाचा कंत्राटदार येत नाही. सहाय्य दहा जणांनी करावे. उत्तर एकाने द्यावे.

आपल्या जिल्ह्यातच याचा एक आदर्श आहे. इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे पौष अमावास्येच्या रात्री नागोबाची महापूजा होते. मेस्राम कुळातील लोक त्यापूर्वी पायी चालत गोदावरीच्या हस्तिनमडुगू येथे जातात आणि झारीत जल आणतात. परत आल्यावर वटवृक्षांखाली मुक्काम करतात. आणि कुळाच्या बावीस शाखांच्या बावीस चुलींवर स्वयंपाक होतो. कोणी कोणते काम करावयाचे, कोणत्या मागून कोणते, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. १९४० च्या दशकात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने त्या जत्रेत दरबार सुरू झाला, आणि गिरिजनांची गाऱ्हाणी अधिकाऱ्यांनी तेथे येऊन ऐकावी अशी रीत पडली. त्याच कुळाने स्वतःच्या वर्गणीतून नागोबाचे नवे शिळामंदिर बांधले व डिसेंबर २०२२ मध्ये त्याची प्रतिष्ठापना केली. कर्तृत्वाची वाटणी निश्चित असली म्हणजे मोठे काम कसे उभे राहते, हे पाहण्यास आपणास परदेशी जावयास नको.

दुसरा आदर्श पंढरीच्या वाटेवरचा. पेनगंगेकाठच्या गावांतून वारीस जाणारे अनेक वारकरी येथे बसले आहेत. ते माझ्या सांगण्यास साक्ष देतील. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी-सोहळ्यास जी शिस्त लावली, तीत प्रत्येक दिंडीस रथापुढील किंवा रथामागील असा क्रमांक आहे. सायंकाळी तळावर समाजआरतीपूर्वी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम स्तब्ध होतात. परंतु ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती आपले टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तेथे जातो, गाऱ्हाणे ऐकले जाते, त्याचा निर्णय होतो आणि मग आरती होते.

सज्जनहो, व्यवस्थापनाचे कितीही ग्रंथ वाचले तरी याहून श्रेष्ठ नियम मला सापडलेला नाही. ज्याचे अडले आहे, त्याचा आवाज स्तब्धतेत सर्वांना ऐकू गेला पाहिजे, आणि तो ऐकल्यावाचून पुढे जावयाचे नाही. आपल्या सभांत याच्या उलट घडते. ज्याचे काम अडलेले असते तोच गप्प बसतो, कारण बोलल्यास दोष आपल्याकडे येईल असे त्यास वाटते. म्हणून मी असे सुचवितो की, दर सोमवारी सायंआरतीनंतर पंधरा मिनिटे चारही कामांचे प्रमुख एकत्र बसावे. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगाव्या : काय झाले, काय होणार आणि काय अडले. अडले असे सांगणाऱ्यास त्या बैठकीत कोणीही रागे भरू नये. त्याची अडचण दूर कोण करणार, एवढेच नाव लिहावे. गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या आणि अक्षरओळख नसलेल्या सेवेकऱ्यालाही तेथे टाळ वाजविता आला पाहिजे. ज्या व्यवस्थेत फोनच्या पडद्यावर बोट फिरविता येणाऱ्यासच अडचण सांगता येते, ती व्यवस्था मठाची नव्हे.

आता साधन. व्हॉट्सॲपवरील समूह निरोपास उत्तम आहे. परंतु काम चालविण्यास तो अपुरा पडतो. सुप्रभाताच्या शंभर चित्रांखाली सिमेंटचा भाव दडून जातो, आणि निर्णय कोणी केव्हा घेतला हे महिन्याने सापडत नाही. तेव्हा नोंदीचे स्वतंत्र स्थान हवे. ट्रेलो हे २०११ पासूनचे सॉफ्टवेअर पाटी आणि चिठ्ठ्या यांच्या कल्पनेवरच रचलेले आहे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या नावाची पहिली आवृत्ती १९८४ मधील. मोठ्या बांधकामाचे क्रम व पट्ट्या आखणे हे त्याचे क्षेत्र. जिरा हे २००२ पासूनचे, प्रामुख्याने सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांच्या सोयीचे. रेडमाइन आणि ओपनप्रोजेक्ट यांची मूळ रचना सर्वांस खुली असून ती संस्थेस स्वतःच्या यंत्रावर ठेवता येतात. मात्र ते यंत्र सांभाळणारा जाणता माणूस कायम हवा. आणि साधा तक्ता, मग तो गूगल शीट्सवर असो की लिब्रेऑफिसमध्ये, हेही एक साधनच आहे. त्यास कमी लेखू नये.

यांतून निवड करताना मी सहा कसोट्या सुचवितो. पहिली कसोटी भाषेची. नोंद मराठीत आणि तेलुगुत, दोन्ही लिप्यांत, स्वच्छ लिहिता, वाचता आणि शोधता आली पाहिजे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून या दोन्ही लिपींना स्थान मिळालेले आहे. तेव्हा एखादे सॉफ्टवेअर आपली अक्षरे मोडत असेल, तर तो दोष त्याचा मानावा. दुसरी कसोटी स्वामित्वाची. खाते मठाच्या नावाचे असावे. एखाद्या उत्साही गुरुबंधूच्या खाजगी नावाचे नसावे. तो उद्या परदेशी गेला, तर मठाची स्मृती त्याच्याबरोबर जाता कामा नये. तिसरी, बाहेर पडण्याची वाट. सर्व माहिती साध्या तक्त्याच्या रूपाने परत काढून घेता आली पाहिजे. ज्या घरात शिरता येते पण सामान घेऊन निघता येत नाही, त्या घरात बिऱ्हाड करू नये.

चौथी कसोटी खर्चाची. पुष्कळ सॉफ्टवेअरांचा आकार माणशी दरमहा असतो. प्रारंभी पाच माणसांचा खर्च अल्प दिसतो; साठ सेवेकरी झाले म्हणजे तोच बाराने गुणला जातो आणि दरवर्षी येतो. पाचवी, गुप्ततेची. देणगीदारांची नावे, फोन क्रमांक आणि रकमा कामाच्या पाटीवर येऊ नयेत. त्यांची वही वेगळी आणि पाहण्याचा अधिकार मोजक्यांना असावा. २०२३ मध्ये आपल्या संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. परंतु कायदा नसता तरीही दात्याची लज्जा राखणे हा आपला धर्मच होता. सहावी कसोटी सुलभतेची. जंगलातल्या पाड्यावर, जेथे फोनला रेंज मिळत नाही, तेथील सेवेकऱ्याला आठवड्याची कामे एका छापील पानावर मिळाली पाहिजेत. जे साधन एक स्वच्छ पान छापून देऊ शकत नाही, ते येथे निरुपयोगी होय.

या कसोट्या लावून माझा अभिप्राय असा झाला आहे. अन्नदानास चोपडी व पाळीपत्रिका, आहेत तशाच ठेवाव्या. उत्सवासाठी सामायिक तक्ता करावा आणि त्याची छापील प्रत कोठीत लावावी. छात्रालयाचा क्रमतक्ता अभियंत्याने त्याच्या सवयीच्या सॉफ्टवेअरमध्ये करावा. मात्र दर पंधरवड्यास त्याचे एक पान भिंतीवर यावे. पोथ्यांसाठी पाठशाळेच्या भिंतीवर तीन रकान्यांची लाकडी पाटी लावावी आणि नोंदी संगणकावरील तक्त्यात कराव्या. पंचवीस पोथ्या पूर्ण झाल्यावर, म्हणजे आपल्याला कोणते रकाने हवेत हे निश्चित झाल्यावर, ट्रेलोसारखे किंवा ओपनप्रोजेक्टसारखे साधन एक महिना खऱ्या कामावर चालवून पाहावे. त्या महिन्यात सेवेकरी ‘माझे काम कोणते?’ हे विचारण्यासाठी एकमेकांस पूर्वीइतकेच फोन करीत राहिले, तर ते साधन निःसंकोचपणे सोडून द्यावे. उपयोग झाला, तर विश्वस्तांनी लेखी ठराव करून ते स्वीकारावे आणि दोन माणसांस त्याचे शिक्षण द्यावे. एकच माणूस जाणता ठेवू नये.

माझ्या तरुण बंधूंना माझी विनंती आहे की, एका सॉफ्टवेअरचा आग्रह त्यांनी धरू नये. परंतु त्यांच्याजवळ जी क्रमाची आणि नोंदीची सवय आहे, ती मात्र मठास अवश्य द्यावी. वडीलधाऱ्यांच्या चरणी प्रार्थना अशी की, आजवरचे उत्सव ज्या स्मृतीवर पार पडले ती त्यांच्या ठायी आहे. ती त्यांनी आम्हांस सांगावी आणि आम्ही ती लिहून घेऊ. पाळी कोणाची, मांडव कोणास सांगावयाचा, नदीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते, हे ज्ञान पुढील पिढीस मिळाले नाही, तर कोणतेही यंत्र ते नव्याने निर्माण करू शकणार नाही.

१९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली तेव्हा आपल्या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके पलीकडे गेले. २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा बदलल्या, कचेऱ्या बदलल्या, दफ्तराची भाषा बदलली. मठाचे अन्नछत्र मात्र त्याच चुलीवर चालू राहिले. ज्यांना मागील शतकाचा हिशेब पुढील शतकाकडे सोपवावयाचा आहे, त्यांनी दहा वर्षांत नाहीशा होणाऱ्या साधनावर आपली स्मृती टांगू नये, आणि साधनाच्या भयाने ती लिहिण्याचेही टाळू नये.

छात्रालयाच्या पायाचा दिवस ९ मार्चच्या पुढे जाऊ नये, सोमवारची बैठक येत्या सोमवारपासूनच सुरू व्हावी आणि पहिल्या पंचवीस पोथ्यांसाठी पाठशाळेच्या चार विद्यार्थ्यांस एक प्रहर मोकळीक मिळावी, अशा तीन विनंत्या मी विश्वस्तमंडळापुढे नम्रपणे ठेवतो.